मेंदू शाबूत आहे तोवर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरासाठी काहीतरी लिहून द्या, असा त्यांचा आग्रह होता. मी विचारले, “आरोग्यावर लिहू की अर्थावर?” त्या हसून म्हणाल्या, “तुमचं तुम्ही ठरवा.”

मी डॉक्टर नाही. गेली वीस वर्षे डब्लिनमध्ये पगारपत्रके आणि हिशेब यांतच माझा दिवस जातो. पण आमच्या घरात जे घडले त्यामुळे माझी अशी खात्री झाली आहे की हे दोन विषय वेगळे नाहीत. माणसाचा पैसा बँकेत असतो असे आपण म्हणतो. तो वापरण्याचा अधिकार मात्र त्याच्या मेंदूत असतो. मेंदूचा कोणता भाग बिघडला आणि कोणता शाबूत राहिला, यावर तो अधिकार टिकतो की जातो हे ठरते, किंवा ठरायला हवे. म्हणून आज मेंदूच्या मुख्य भागांविषयी चार गोष्टी सांगते, आणि त्या निमित्ताने एक मतही मांडते.

२०१६ च्या नोव्हेंबरात साताऱ्याहून दादाचा फोन आला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सकाळी दात घासतानाच उजव्या हातातून ब्रश गळून पडला होता. तोंड एका बाजूला ओढले गेले होते आणि बोलणे बोबडे झाले होते. घरच्यांना वाटले अशक्तपणा असेल. तेल चोळले, लिंबू-सरबत दिले, थोडे पडून राहा म्हणाले. रुग्णालयात नेईपर्यंत दिवेलागण झाली. ही चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची नाही.

मी पोहोचले तेव्हा अण्णा घरी आले होते. वय ७४, एस.टी.च्या हिशेब खात्यातून निवृत्त, अक्षर मोत्यासारखे. आता उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द फुटत नव्हता. ‘पाणी’ एवढे म्हणायलाही धडपडत आणि ते जमले नाही की डोळ्यांत पाणी येई. पण गंमत अशी, की नातवाने पाढे म्हणायला सुरुवात केली की अण्णा त्याच्याबरोबर ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंत सरळ म्हणत. संध्याकाळी आईने रामरक्षा सुरू केली की तीही म्हणत. आम्हाला हा चमत्कार वाटला. नंतर कळले की त्यात चमत्कार काही नाही. ठरावीक क्रमाने पाठ झालेले शब्द आणि स्वतः जुळवून बोलायचे वाक्य यांसाठी मेंदू वेगवेगळी यंत्रणा वापरतो, आणि त्यातली एक मोडली तरी दुसरी चालू राहू शकते.

महिन्याभराने एका मुदत ठेवीची मुदत संपली. दादा आणि वहिनी अण्णांना चाकाच्या खुर्चीवरून बँकेत घेऊन गेले, मीही बरोबर होते. खिडकीवरच्या माणसाने अण्णांकडे एकदा पाहिले आणि वहिनीला म्हणाला, “ताई, आजोबांना काही कळत नाही. सही नाही, बोलणं नाही. कोर्टातून कागद आणा.” दादाने दोन वर्षांपूर्वी केलेले कुलमुखत्यारपत्र पुढे केले. तेव्हा उत्तर मिळाले, “माणसाचं मन ठिकाणावर नसेल तर हा कागदही चालत नाही.”

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे हे दुसरे वाक्य बरोबर होते, हे मला फार नंतर समजले. पहिले वाक्य मात्र साफ चुकीचे होते. आमचे नशीब चांगले म्हणून आतून एक वयस्क अधिकारी आले. त्यांनी नवीन ठेवीचा भरलेला अर्ज अण्णांसमोर धरला. अण्णा डाव्या हाताचे बोट पुन्हा पुन्हा एकाच ओळीवर आपटू लागले. कुणाला काही कळेना. शेवटी वहिनीच्या लक्षात आले, “अहो, आईंचं नाव राहिलंय!” जुनी ठेव दोघांच्या नावावर होती, नव्या अर्जात एकट्या अण्णांचेच नाव लिहिले होते. तिथे उभ्या असलेल्या आम्हा चार-पाच धडधाकट माणसांच्या नजरेतून सुटलेली चूक त्या ‘काही न कळणाऱ्या’ माणसाने पकडली होती. अधिकाऱ्यांनी मग दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला. आजारी आणि सही करू न शकणाऱ्या खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने ही सोय ठेवलेलीच आहे. हाताचा नाहीतर पायाचा अंगठा चालतो, साक्षीदार दोन लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

अण्णा २०२० मध्ये गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे डब्लिनला आली होती. एका रविवारी तिला सेंट पॅट्रिक कॅथीड्रल दाखवायला नेले. तिथे जोनाथन स्विफ्टची कबर आहे. १७२६ मध्ये ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारा हाच तो स्विफ्ट, या कॅथीड्रलचा तो १७१३ पासून डीन होता. बुटक्यांच्या देशात गेलेला गलिव्हर आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे, पण त्याच्या लेखकाची अखेर फारशी कुणाला ठाऊक नसते. तरुणपणापासून त्याला चक्कर येई आणि कानाने कमी ऐकू येई. म्हातारपणी स्मरण ढासळले आणि वाचाही जवळजवळ गेली. बोलायला जाई, पण हवा तो शब्द सापडत नसे, असे त्याच्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. १७४२ साली सरकारी चौकशी होऊन त्याचे मन आणि स्मृती ठिकाणावर नाहीत असे ठरवण्यात आले आणि त्याची व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पालकांकडे सोपवली गेली. १७४५ मध्ये तो वारला, आणि ‘वेडा झालेला लेखक’ ही ओळख त्याला कायमची चिकटली. आपली संपत्ती त्याने मनोरुग्णांसाठी रुग्णालय काढण्यास ठेवली होती. १७५७ मध्ये उघडलेले ते सेंट पॅट्रिक रुग्णालय डब्लिनमध्ये आजही चालू आहे.

पुढे १८४९ मध्ये डब्लिनचे कान व डोळ्यांचे डॉक्टर विल्यम वाइल्ड, म्हणजे ऑस्कर वाइल्डचे वडील, यांनी स्विफ्टच्या अखेरच्या वर्षांवर एक पुस्तकच लिहिले आणि तो वेडा नव्हता असे मांडले. चक्कर आणि बहिरेपणा हा कानाच्या आतल्या भागाचा मेनिएर नावाचा विकार असावा, आणि वाचा जाणे हा मेंदूच्या रक्तवाहिनीतला बिघाड असावा, असा नंतरच्या अनेक डॉक्टरांचा कल आहे. मी हे सांगत असताना आई कबरीकडे बघत होती. ती एवढेच म्हणाली, “म्हणजे ह्यांच्यासारखंच की गं.”

त्या दिवसापासून मी या विषयावर जमेल तसे वाचू लागले. जे समजले ते हिशेबनीसाच्या भाषेत मांडते.

मेंदूचे वजन सुमारे १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. त्यात अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी असतात. शाळेत आपण मोठा मेंदू, लहान मेंदू आणि लंबमज्जा अशी तीन नावे पाठ केली होती, ती अजूनही उपयोगी आहेत. मोठा मेंदू अक्रोडाच्या गरासारखा दोन अर्धांचा असतो. डावा अर्ध शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा अर्ध डावी. प्रत्येक अर्धाचे चार खंड असतात. कपाळामागचा तो फ्रंटल, माथ्याच्या मागच्या बाजूचा पराएटल, कानाजवळचा टेम्पोरल आणि डोक्याच्या अगदी मागचा ऑक्सिपिटल. लहान मेंदू मानेच्या वर, मागच्या बाजूला असतो. आकाराने तो लहानच, पण एकूण चेतापेशींपैकी सुमारे चार पंचमांश त्याच्यात दाटीवाटीने बसवलेल्या आहेत. आणि मेंदू जिथे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मिळतो तो देठासारखा भाग म्हणजे ब्रेनस्टेम. लंबमज्जा हा त्याचाच खालचा तुकडा. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे ही कामे तिथून चालतात.

आता कायद्याकडे येते. आयर्लंडमध्ये १८७१ चा ल्युनसी कायदा, म्हणजे सरळ शब्दांत वेडेपणाचा कायदा, थेट २०२३ पर्यंत वापरात होता. एखाद्याचे मन ठिकाणावर नाही असे ठरले की तो ‘वॉर्ड ऑफ कोर्ट’ व्हायचा, म्हणजे सगळेच्या सगळे निर्णय त्याच्या हातातून जायचे. स्विफ्टच्या काळापेक्षा ही व्यवस्था फार पुढे गेलेली नव्हती. २०१५ मध्ये संमत झालेला असिस्टेड डिसिजन-मेकिंग कायदा २६ एप्रिल २०२३ रोजी अमलात आला आणि प्रौढांना नव्याने असे वॉर्ड करणे बंद झाले. या कायद्यात माणूस ‘शहाणा की वेडा’ असा प्रश्नच नाही. या वेळी, हा एक निर्णय घेण्यापुरते, चार गोष्टी जमतात का, एवढेच बघायचे. माहिती समजते का? निर्णय होईपर्यंत ती लक्षात राहते का? तिचा सारासार विचार करता येतो का? आणि झालेला निर्णय कोणत्याही मार्गाने दुसऱ्याला कळवता येतो का?

हे चार प्रश्न वाचले तेव्हा मला मेंदूचा नकाशाच डोळ्यांसमोर दिसला. कायदा लिहिणाऱ्यांनी नकाशा बघून ते लिहिले असे मी म्हणत नाही, आणि मेंदूचे कोणतेही काम एकाच कोपऱ्यात होत नाही हेही खरे. तरी ढोबळमानाने प्रत्येक प्रश्नाचा एकेक मुख्य पत्ता सांगता येतो.

पहिला प्रश्न समजण्याचा. बोललेले समजण्याची मोठी मदार डाव्या टेम्पोरल खंडाच्या मागच्या भागावर असते. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये तो दाखवला. तिथे इजा झाली तर माणूस भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही.

दुसरा प्रश्न लक्षात राहण्याचा. टेम्पोरल खंडाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग आहे, नवीन आठवणींची नोंद तिथे होते. अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढण्यात आला. २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला नव्या घटना आठवणीत साठवताच आल्या नाहीत. बुद्धी मात्र ठीक होती आणि हातातल्या गोष्टीवर तो त्या क्षणी विचार करू शके. अल्झायमरची सुरुवातही बहुधा याच भागाच्या आसपास होते. नव्या कायद्यात याबाबत एक महत्त्वाची तरतूद आहे. माहिती थोडाच वेळ लक्षात राहते, एवढ्यावरून माणूस निर्णयाला असमर्थ ठरत नाही. तेव्हा सासूबाई सकाळचे दुपारी विसरतात म्हणून त्यांना दागिन्यांविषयी काही विचारूच नये, हे आपले घरगुती तर्कशास्त्र इथे चालत नाही.

तिसरा प्रश्न सारासार विचाराचा, आणि तो कपाळामागच्या फ्रंटल खंडाचा. माझ्या मते आपण सर्वांत जास्त फसतो ते इथे. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या कपाळामागून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालता-बोलता राहिला, पण स्वभाव बदलला आणि ठरवलेले तडीस नेणे त्याला जमेनासे झाले. इतके दूर कशाला, आमच्या ओळखीचे इथले एक गृहस्थ घ्या. इंग्रजी अस्खलित, विनोद करणार, गणपतीत आरती खणखणीत म्हणणार. दोन-तीन वर्षे ते कुणाही अनोळखी माणसाला फोनवर कार्डाचा नंबर देत, नको त्या वस्तू मागवत, विचारले तर चिडत. घरच्यांना वाटले निवृत्तीनंतरचा चक्रमपणा असेल. तपासण्या झाल्या तेव्हा फ्रंटल खंड झिजत चालल्याचे निघाले. बोलणे उत्तम होते म्हणून कुणाला शंका आली नाही. माझ्या अण्णांना बोलता येत नव्हते म्हणून सर्वांना शंका आली. दोन्हीकडे लोकांनी तोंडावरून मेंदूची परीक्षा केली, आणि दोन्हीकडे ती चुकली.

चौथा प्रश्न निर्णय कळवण्याचा. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये एका रुग्णाचा मेंदू तपासला. त्याला एकच अक्षर उच्चारता येत असे, पण त्याला बरेचसे समजत होते. इजा होती डाव्या फ्रंटल खंडाच्या खालच्या, मागच्या भागात. बहुतेक माणसांत बोलणे जुळवण्याचे केंद्र तिथेच असते, आणि उजव्या हाताच्या हालचालीचे केंद्र त्याच्या जवळच. एकाच रक्तवाहिनीच्या शाखा दोन्ही ठिकाणी रक्त पुरवतात. म्हणून शब्द आणि उजवा हात बरोबरच जातात. बँक ज्या दोन गोष्टींवरून माणसाला ओळखते, त्याची सही आणि त्याचे बोलणे, त्या एकाच झटक्यात जातात, आणि विचार करणारा भाग मात्र बराचसा शाबूत राहू शकतो. अण्णांचे नेमके हेच झाले होते. फ्रेंच पत्रकार ज्याँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ मध्ये ब्रेनस्टेममध्ये झटका आला आणि सर्व शरीर लुळे पडले. राहिली फक्त डाव्या पापणीची उघडझाप. तेवढ्यावर एकेक अक्षर निवडून त्यांनी पुस्तक सांगितले आणि ते १९९७ मध्ये छापून आले. बोलून, लिहून, खुणेने, यंत्राच्या मदतीने, कसेही कळवले तरी चालेल असे आयरिश कायदा म्हणतो, ते अशांसाठीच.

उरलेल्या भागांचाही पैशाशी संबंध आहे. उजव्या पराएटल खंडाला इजा झाली तर माणसाला डावीकडचे जग जणू नाहीसे होते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, आणि १२,५०० या आकड्यातले फक्त ५०० वाचले जातात. नजर ठीक असते, पण डावीकडे लक्षच जात नाही. अशा माणसापुढे सहीसाठी कागद ठेवताना तो उजवीकडे सरकवावा आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. ऑक्सिपिटल खंड दृष्टीचा, तिथे झटका आला तर डोळे निर्दोष असूनही अर्धे दृश्य दिसत नाही, आणि गाडी चालवणे धोक्याचे होते. लहान मेंदूत बिघाड झाला की तोल जातो, जीभ अडखळते, आणि शुक्रवारच्या रात्री या देशात तसा माणूस रस्त्यावर दिसला तर लोक काय समजतील हे सांगायला नको. पण त्याचे शहाणपण बहुधा जागेवर असते.

आपल्यासाठी यात आणखी एक बाब आहे. मेंदूच्या झटक्यानंतर दोन्ही भाषा सारख्याच सावरतील असे नाही. पुष्कळदा त्या बरोबरीने सुधारतात, पण कधी एक पुढे येते आणि दुसरी मागे राहते. ती पुढे येणारी कोणती असेल हे आधी सांगता येत नाही. तुमच्या आईवडिलांची, उद्या तुमची स्वतःची, तपासणी फक्त इंग्रजीत झाली तर जे समजते तेही ‘समजत नाही’ या खात्यात जमा होईल. म्हणून दुभाष्याची मागणी निःसंकोच करावी. माणसाला समजावे म्हणून करता येण्यासारखे सर्व प्रयत्न आधी करा, मगच तो असमर्थ आहे असे म्हणा, हे नव्या कायद्याचे तत्त्वच आहे. आणि मुलांना मराठी का शिकवायचे असे विचारणाऱ्यांना मी हेही एक कारण सांगते.

आता माझे मत. आपली बहुतेक कुटुंबे घराचे कर्ज, आयुर्विमा, मुलांची शिक्षणे यांचा बारकाईने विचार करतात, पण ‘माझा मेंदूच चालेनासा झाला तर’ हा प्रश्न अशुभ म्हणून टाळतात. मृत्युपत्राची भाषा तरी होते. पण मृत्युपत्र आणि वारसनोंद मेल्यानंतर कामाला येतात. जिवंत आहे पण निर्णय घेता येत नाही, अशा वर्षांसाठी ती निरुपयोगी आहेत.

आयर्लंडमध्ये अनेकांचा समज असतो की ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणून नवरा किंवा बायको सर्व काही करू शकते. तसे नाही. या शब्दाने तुम्हाला जोडीदाराच्या बँक खात्यावर कायदेशीर अधिकार मिळत नाही. त्यासाठी एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी हा कागद लागतो. तो करताना वकिलाचे आणि डॉक्टर किंवा तत्सम आरोग्य व्यावसायिकाचे निवेदन लागते, आणि त्याची नोंद डिसिजन सपोर्ट सर्व्हिस या सरकारी कार्यालयात होते. नोंदवल्यावर तो निजून असतो. ज्याने केला त्याची निर्णयशक्ती गेली आणि ते रीतसर कळवले, की तो जागा होतो. २०२३ पूर्वी जुन्या १९९६ च्या कायद्याखाली केलेले कागद चालू आहेत. औषधोपचाराविषयीच्या इच्छांसाठी वेगळे पत्र करावे लागते, त्याला ॲडव्हान्स हेल्थकेअर डायरेक्टिव्ह म्हणतात. यातले काहीच केले नसेल तर घरच्यांना सर्किट कोर्टात जाऊन निर्णय-प्रतिनिधी नेमून घ्यावा लागतो. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या पत्नीला २०२४ मध्ये तेच करावे लागले. नवऱ्याच्या आजाराशी झगडायचे की कागदपत्रांशी, हा प्रश्न त्या बाईंना पडलेला मी पाहिला आहे.

भारतातली गोष्ट याहून अवघड आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नाही. तिथले साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही, की संपते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आईवडिलांनी भावाच्या नावे केलेला कागद नेमक्या गरजेच्या दिवशी गळून पडतो, आणि मग न्यायालयातून पालक नेमून घेण्याची वेळ येते. त्यामुळे आईवडिलांची रोजच्या वापराची खाती आणि ठेवी संयुक्त नावावर, ‘दोघांपैकी कोणीही’ चालवू शकेल अशा पद्धतीने आताच करून ठेवावीत. पण हे त्यांना विचारून, त्यांच्या विश्वासातल्या माणसाला जोडून. नाहीतर सोयीच्या नावाखाली त्यांचाच पैसा त्यांच्या हातून जायचा.

यावर काही जण म्हणतील की असा अधिकार आधीच देऊन ठेवला तर मुले त्याचा गैरफायदा घेतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच मेंदू शाबूत असताना, आपण स्वतः, कुणाला आणि किती अधिकार द्यायचा हे लिहावे. दोघांना मिळून द्यावा, घर विकण्याचा देऊ नये, हवे ते बंधन घालावे. आपण निवडले नाही तर दुसरे कुणीतरी निवडणार आहे. स्विफ्टसारख्या लेखणीबहाद्दरालाही ते चुकले नाही.

आणि सर्वांत आधी, मेंदू वाचवणे. चेहरा एका बाजूला ओढला, दोन्ही हात वर धरता येईनात, किंवा बोलणे अडखळले, यांतले एक जरी दिसले तरी वेळ न दवडता आयर्लंडमध्ये ९९९ किंवा ११२, आणि महाराष्ट्रात १०८ फिरवावा. मोठी रक्तवाहिनी तुंबली असता दर मिनिटाला अंदाजे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय डब्लिनच्या बोमाँट आणि कॉर्कच्या युनिव्हर्सिटी रुग्णालयात आहे. रक्तदाब वेळेवर तपासावा आणि त्याच्या गोळ्या चुकवू नयेत, कारण झटक्याचे सर्वांत मोठे कारण तेच. आम्ही तेल चोळण्यात अख्खा दिवस घालवला, तसे तुम्ही करू नये म्हणून ती चूक इथे लिहिली.

शेवटी मंडळाकडे एक मागणी. पुढच्या गणपतीच्या आधी एक रविवार दुपार या विषयाला द्यावी. एक वकील आणि एक डॉक्टर बोलवावेत, लागणाऱ्या कागदांची मराठीत यादी करून वाटावी. चहा-पोह्यांची जबाबदारी मी घेते. आम्ही नवराबायकोंनी आमचे कागद गेल्या वर्षी केले. “हे आत्ताच कशाला?” असे ह्यांनी दोनदा विचारले. मी अण्णांच्या बोटाची आठवण करून दिली, मग त्यांनी सही केली.